एक खतावणी, चार गल्ले : संगणकातील कुलपाची ओढाताण कशी कमी करावी?

व्यापार वाढला की आपण दुसरा गल्ला मांडतो, हाताखाली आणखी दोन माणसे ठेवतो. एवढे करूनही गिऱ्हाईक रांगेतच उभे राहिले तर दोष माणसांचा असतोच असे नाही. लिहिणारे चार झाले, पण खतावणी एकच राहिली. ती ज्याच्या हातात आहे त्याच्या तोंडाकडे बाकीचे तिघे बघत बसले आहेत. हे ध्यानात यायला मात्र पुष्कळ वेळ लागतो आणि तोवर चार पगार चालू राहतात.

संगणकाच्या दुनियेत हेच घडते. एका यंत्रावर भागेना म्हणून दुसरे, तिसरे, चौथे यंत्र घेतले जाते. सगळी यंत्रे एकाच सामायिक साठ्याला जोडली जातात. पैसा ओतला जातो आणि काम पूर्वीपेक्षाही हळू चालू लागते. मग विक्रेता सांगतो, "शेठ, आणखी एक यंत्र वाढवा." आमच्या वाचकांपैकी अनेकांचा हिशेब, मालाची यादी आणि नक्षीकामाच्या फाइली आता संगणकावर आहेत. अनेकांची मुले याच क्षेत्रात नोकरीधंदा करीत आहेत. हा सल्ला ऐकून खिशात हात घालण्यापूर्वी आतले यंत्र कसे चालते हे ठाऊक असावे, म्हणून आज हा विषय जरा विस्ताराने मांडत आहोत.

क्लस्टर आणि त्याचे कुलूप

अनेक यंत्रे एकत्र बांधून त्यांच्याकडून एकाच कामाचा गाडा ओढवून घेणे याला क्लस्टर म्हणतात. त्यातील प्रत्येक यंत्राला एकाच साठ्यातील सगळ्या फाइली थेट वाचता-लिहिता याव्यात अशी जी व्यवस्था असते, ती क्लस्टर फाइल व्यवस्था. तिचा मोठा फायदा असा, की एक यंत्र बंद पडले तरी उरलेली यंत्रे त्याच फाइलींवर काम पुढे चालवतात.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कंपनीने १९८३ साली व्हॅक्सक्लस्टर जाहीर केले. त्यात यंत्रांनी आपसात कुलपे कशी वाटून घ्यावीत याची पद्धत बसवली होती. पुढे १९९० च्या दशकात अमेरिकेतीलच मिनेसोटा विद्यापीठात जीएफएस ही व्यवस्था तयार झाली. ती सिस्टिना नावाच्या कंपनीकडे गेली. त्या कंपनीला रेड हॅटने २००३ साली विकत घेतले आणि जीएफएस टू ही तिची सुधारित आवृत्ती २००६ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाली. आयबीएमची जीपीएफएस १९९८ मध्ये बाजारात आली. ती आज स्टोरेज स्केल या नावाने ओळखली जाते. कंपन्या वेगळ्या असल्या तरी अडचण सर्वांपुढे एकच होती : कुलपासाठी होणारी ओढाताण.

मुळात कुलूप लागतेच कशाला? आपल्या घरच्या संगणकावरील साधी फाइल व्यवस्था असे धरून चालते, की हार्ड डिस्क तिच्या एकटीच्या मालकीची आहे. डिस्कवर कोणती जागा रिकामी आहे याचा नकाशा ती स्वतःच्या मेमरीत ठेवते. तीच डिस्क दोन यंत्रांना एकदम जोडली तर दोघेही आपापला नकाशा बघतात आणि एकच रिकामी जागा दोन वेगळ्या फाइलींना देऊन टाकतात. एकाचा हिशेब दुसऱ्याच्या हिशेबावर लिहिला जातो आणि काही वेळातच सगळा साठा खराब होतो. म्हणून क्लस्टर व्यवस्थेत कोणत्याही फाइलीला हात लावण्यापूर्वी यंत्राला तिचे कुलूप मागावे लागते. वाचायचे असेल तर सामायिक कुलूप मिळते, ते एकाच वेळी अनेकांना चालते. लिहायचे असेल तर एकट्याचे कुलूप लागते. ते एकाकडे असताना दुसऱ्या कोणाला त्या फाइलीला हात लावता येत नाही.

तेव्हा कुलूप हा आपला वैरी नाही. तो आपल्या अमानतीचा राखणदार आहे. वेग वाढवण्यासाठी कुलूपच काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर त्याला नम्रपणे नमस्कार करावा.

वेळ जातो कुठे?

पुष्कळांची समजूत अशी असते, की कुलूप मागण्यातच वेळ जातो. तसे नाही. एका यंत्राने दुसऱ्याला निरोप धाडायचा आणि उत्तर यायचे, याला चांगल्या जाळ्यावर एक मिलिसेकंदही लागत नाही. वेळ जातो तो कुलूप हातातून सोडताना.

आपल्या खतावणीचेच उदाहरण घेऊ. ज्याच्याकडे खतावणी आहे तो प्रत्येक व्यवहार लगेच पक्का लिहीत नाही. तो जवळच्या कागदावर कच्ची नोंद करतो आणि सवडीने पक्के करतो, म्हणून त्याचा हात भराभर चालतो. शेजारच्याने खतावणी मागितली की मात्र त्याला सगळे कच्चे कागद आधी पक्के लिहावे लागतात. पुढचा माणूस त्यात बदल करणार असल्याने स्वतःजवळ उतरवून ठेवलेल्या जुन्या बाकीच्या चिठ्ठ्याही फाडून टाकाव्या लागतात, कारण त्या आता खोट्या ठरणार. त्यानंतरच खतावणी पुढे जाते.

जीएफएस टू नेमके हेच करते. कुलूप जवळ असेपर्यंत यंत्र फाइलीची नक्कल आपल्या मेमरीत ठेवते आणि तिच्यावरच काम करते. दुसऱ्या यंत्राने तीच फाइल लिहिण्यासाठी मागितली, की पहिल्याला केलेले बदल डिस्कवर उतरवावे लागतात, जवळची नक्कल रद्द करावी लागते आणि मग कुलूप सोडावे लागते. मेमरीतील काम सेकंदाच्या अतिसूक्ष्म भागात होते, पण डिस्कवर उतरवणे महाग पडते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला एका फेऱ्यालाच सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात.

आता व्यापाऱ्याच्या नजरेने हिशेब मांडू. समजा, कुलूप एका हातातून दुसऱ्या हातात जायला १० मिलिसेकंद लागतात आणि प्रत्येक नोंदीनंतर ते हात बदलते. म्हणजे सेकंदाला १०० नोंदी झाल्या. यंत्रे ४ असली तरी १०० आणि १६ असली तरी १००च. उलट एकच यंत्र असते तर कुलूप त्याच्याकडेच राहिले असते आणि मेमरीच्या जोरावर त्याने याच्या कित्येक पट नोंदी सहज केल्या असत्या. चार यंत्रांपेक्षा एक यंत्र वेगवान का वाटते, या कोड्याचे उत्तर हेच आहे. फिरत्या डिस्कऐवजी आजची एसएसडी बसवली तर हे १० मिलिसेकंद कमी होतात हे खरे, पण रांग मोडत नाही. रांग फक्त जरा लवकर सरकते.

जीन अॅमडाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ साली मांडलेला नियमही येथे लागू पडतो. कामाचा दहावा हिस्सा जरी एकामागोमाग एक असाच करावा लागत असेल, तर ४ यंत्रांवर वेग जेमतेम तिप्पट होतो, १६ यंत्रांवर सुमारे साडेसहापट, आणि कितीही यंत्रे आणली तरी दहापटीच्या वर कधीच जात नाही. तोच हिस्सा शंभरावा केला तर १६ यंत्रांवर वेग जवळजवळ चौदापट मिळतो. याचा अर्थ स्पष्ट आहे. यंत्रांवर पैसा लावण्याआधी हा रांगेतला हिस्सा कमी करण्यावर डोके लावावे.

पहिला उपाय : वाटणी

सर्वांत गुणकारी उपाय सर्वांत साधा आहे. ज्याचे काम त्याच्या हाती ठेवावे.

फोल्डरलाही फाइलीसारखेच कुलूप असते हे अनेकांना माहीत नसते. फोल्डरमध्ये नवी फाइल तयार करणे किंवा जुनी पुसणे म्हणजे त्या फोल्डरच्या यादीत लिहिणे. त्यासाठी एकट्याचे कुलूप लागते. सगळी यंत्रे आपापली बिले किंवा पावत्या एकाच फोल्डरमध्ये टाकत असतील, तर फाइली वेगवेगळ्या असूनही भांडण त्या फोल्डरच्या यादीवर होते. प्रत्येक यंत्राला स्वतःचे फोल्डर दिले, की हे भांडण तिथल्या तिथे मिटते. वाचायला मात्र कोणीही कोणाच्याही फोल्डरमध्ये जाऊ शकतो. त्यासाठी क्लस्टर असतेच.

टपालाच्या सर्व्हरवरही हाच प्रकार होतो. एका माणसाची पत्रे आज या यंत्राने उतरवली, उद्या त्या यंत्राने उघडली, तर त्याच्या पेटीचे कुलूप दिवसभर इकडून तिकडे फिरत राहते. अमुक ग्राहकांचे टपाल अमुक यंत्रानेच पाहायचे असे ठरवून दिले, की प्रत्येक कुलूप आपल्या घरी स्थिर होते. ते यंत्र बंद पडले तर तेवढे ग्राहक दुसऱ्याकडे वळवावेत.

आयबीएमच्या जीपीएफएसमध्ये हीच वाटणी व्यवस्थेच्या पोटातच केलेली आहे. तिची रचना फ्रँक श्मुक आणि रॉजर हॅस्किन यांनी २००२ साली एका निबंधात मांडली. रिकाम्या जागेचा नकाशा हे प्रत्येक लिहिणाऱ्याला लागणारे पान आहे. म्हणून तो नकाशा अनेक विभागांत तोडून वेगवेगळ्या यंत्रांना वेगवेगळे विभाग नेमून दिले जातात. जागा हवी असली की प्रत्येकाने आपल्याच विभागातून घ्यायची. फाइलीची लांबी आणि शेवटच्या बदलाची वेळ हे आकडेही सगळे जण एकदम खोडत बसत नाहीत. प्रत्येक यंत्र आपला आकडा त्या फाइलीपुरत्या नेमलेल्या एका यंत्राकडे पाठवते आणि ते एकटेच पक्की नोंद करते. आपल्या पेढीवर मुनीम हेच काम करतो.

वाचतानाही लिहिणे होते

दुसरा चोर अधिक छुपा आहे. फाइल नुसती वाचली तरी ती शेवटची केव्हा वाचली याची वेळ फाइल व्यवस्था टिपून ठेवू शकते. ही वेळ टिपणे म्हणजे लिहिणेच, आणि लिहायचे म्हटले की एकट्याचे कुलूप आले. म्हणजे दहा यंत्रे एखादी दरपत्रिका फक्त वाचत असतील आणि कोणी एक अक्षरही बदलत नसेल, तरी ओढाताण होऊ शकते.

लिनक्समध्ये २००९ पासून ही वेळ दर वाचनाला न टिपता क्वचितच टिपण्याची रीत आहे, त्यामुळे त्रास बराच कमी झाला. क्लस्टरवर मात्र साठा जोडताना नोएटाइम हा पर्याय देऊन ही टिपणी पूर्ण बंद करावी, असे या व्यवस्थेचे जाणकार सांगतात. बहुतेक धंद्यांना या वेळेचा काही उपयोग नसतो. यात पैसा खर्च होत नाही, एक शब्द वाढवला की काम होते. आपल्या यंत्रावर तो शब्द आहे का, हे आधी विचारून घ्यावे.

कुलूप किती मोठे असावे?

एक कपाट उघडण्यासाठी अख्ख्या दुकानाचे शटर ओढून घेतले, तर गिऱ्हाईक परत जाणारच. एके काळी व्हीएमवेअर कंपनीच्या व्हीएमएफएस या व्यवस्थेत जवळपास असेच होत असे. एखादे आभासी यंत्र सुरू करण्यासारख्या कामांत साठ्याच्या नोंदवहीत बदल करावा लागे, आणि तेवढ्यासाठी संपूर्ण साठा क्षणभर एकाच सर्व्हरच्या ताब्यात जाई. सकाळी अनेक यंत्रे एकदम सुरू झाली की या क्षणांची बेरीज होऊन सगळेच खोळंबत. २०१० साली कंपनीने साठ्याच्या यंत्रणेशी बोलून नोंदवहीची तेवढीच जागा कुलूपबंद करण्याची सोय आणली. त्यासाठी साठ्याच्या यंत्रणेलाही ती भाषा समजावी लागते. शटर उघडे राहिले, फक्त खण बंद झाला.

मग कुलूप होईल तितके लहान करावे काय? तसेही नाही. लहान कुलपे म्हणजे जास्त कुलपे आणि जास्त निरोप. जीपीएफएसने यावर शहाणपणाची तोड काढली. फाइल पहिल्याने मागणाऱ्या यंत्राला सुरुवातीपासून शेवटापर्यंत सगळीच दिली जाते, म्हणजे त्याला पुन्हा पुन्हा विचारावे लागत नाही. दुसरा कोणी त्याच फाइलीच्या पुढच्या भागात लिहायला आला, तरच पहिल्याकडून तेवढा भाग सोडवून घेतला जातो. दोघे मग आपापल्या भागात न भांडता लिहितात. वाटणीची गरज पडेपर्यंत जमीन एकत्र ठेवायची आणि गरज पडली की बांध घालायचा, असा हा व्यवहार आहे.

जीएफएस टूमध्ये आणखी एक बारकावा आहे. कुलूप हाती आले की यंत्राला ते थोडा ठरावीक वेळ ठेवू दिले जाते, म्हणजे एका नोंदीऐवजी चार नोंदी लिहून होतात. आपल्या प्रोग्रामरनेही हाच धडा घ्यावा. शंभर लहान नोंदी शंभर वेळा लिहिण्याऐवजी त्या जमवून एकदाच लिहाव्यात.

रात्रीचा बॅकअप आणि सकाळची सुस्ती

पुष्कळ ठिकाणी तक्रार असते, की दर सकाळी पहिला तास-दीड तास यंत्रे रेंगाळतात. कारण रात्रीत सापडते. बॅकअप एकाच यंत्रावरून घेतला जातो. ते यंत्र साठ्यातील एकूणएक फाइल उघडते, म्हणजे सगळ्या फाइलींची कुलपे आणि नकला स्वतःकडे ओढून घेते. सकाळी बाकीची यंत्रे कामाला लागली, की एकेक कुलूप त्याच्याकडून परत मागावे लागते.

यावर उपाय असा, की प्रत्येक यंत्राने आपापल्या फोल्डरचा बॅकअप आपणच घ्यावा. ते जमत नसेल तर बॅकअप संपल्यावर त्या यंत्राच्या मेमरीतील नकला मोकळ्या करण्याची आज्ञा द्यावी, म्हणजे कुलपे रात्रीच सुटतात. बॅकअप बंद करणे हा मात्र उपाय नव्हे.

मेलेल्या हातातील किल्ली

एखादे यंत्र कुलूप हातात असतानाच बंद पडले तर काय होते? बाकीची यंत्रे थांबतात. ते यंत्र खरोखर मेले आहे, की नुसते गप्प आहे आणि क्षणाने उठून पुन्हा लिहू लागेल, हे कळत नाही. म्हणून क्लस्टर आधी त्याची वीज तोडते किंवा साठ्याकडे जाणारी त्याची वाट बंद करते. मग त्याची अर्धवट कामे त्याच्या रोजनाम्यावरून पुरी केली जातात आणि त्यानंतरच कुलपे मोकळी होतात. या खबरदारीला फेन्सिंग म्हणतात. हा खोळंबा टाळण्यासाठी काही जण फेन्सिंगच बंद करून टाकतात. यासारखा घात नाही. मेलेला समजून ज्याची खतावणी काढून घेतली, तो उठून जुन्या चिठ्ठ्यांवरून लिहू लागला, तर कोणाची बाकी खरी म्हणायची?

खरेदीपूर्वी एवढे विचारा

पहिला प्रश्न स्वतःला विचारावा : आपल्याला क्लस्टर लागते काय? एका दुकानाला किंवा कारखान्याला बहुधा लागत नाही. एक चांगला सर्व्हर आणि त्यावरून सगळ्यांना वाटून दिलेल्या फाइली एवढ्यावर काम भागते. तेथे साठ्यावर लिहिणारा एकटा सर्व्हरच असल्याने यंत्रायंत्रांत साठ्याच्या कुलपाची ही फिरवाफिरव होत नाही. सर्व्हर बंद पडला तर काय, याची सोय बॅकअप आणि राखीव यंत्राने करावी.

क्लस्टर आधीच असेल आणि ते रेंगाळत असेल, तर नवे यंत्र घेण्यापूर्वी मोजमाप मागावे. जीएफएस टूमध्ये कोणत्या कुलपापुढे किती जण थांबले आहेत याची यादी यंत्र स्वतःच देते. ती सोपी करून दाखवणारे ग्लॉकटॉप नावाचे साधनही आहे. त्या यादीतील क्रमांकावरून नेमकी फाइल किंवा फोल्डर शोधता येते. बहुधा गुन्हेगार हजारो फाइली नसून दोन-चार फोल्डर निघतात. विक्रेत्याने ही यादी दाखवल्याशिवाय पुढचे बोलणे करू नये.

नवे क्लस्टर घ्यायचेच असेल, तर पुढे आधार कोण देणार हेही विचारावे. रेड हॅटने जीएफएस टूसाठी जास्तीत जास्त १६ यंत्रांची मर्यादा ठेवली होती, आणि २०२५ मध्ये आलेल्या आपल्या दहाव्या आवृत्तीपासून ज्या पुरवणीत ही व्यवस्था मिळत असे ती पुरवणीच देणे बंद केले. जीएफएस टू लिनक्समध्ये आहे, पण अडल्या वेळी त्या कंपनीच्या नव्या आवृत्तीवर तिची मदत मिळणार नाही. जुन्या आवृत्तीवर धंदा चालवणाऱ्यांनी पुढची वाट आताच आखून ठेवावी.

आमच्या वाचकांना हा सारा विषय परका वाटू नये. सामायिक धंदा चालवणाऱ्या घरांनी हे शहाणपण फार पूर्वी कमावले आहे. एका भावाने कापडाचे बघायचे, दुसऱ्याने उधारीचे, तिसऱ्याने गोदामाचे, आणि संध्याकाळी एकत्र बसून हिशेब मिळवायचा. चौघांनी दिवसभर एकाच वहीवर वाकून बसले तर धंदाही चालत नाही आणि भाऊपणही टिकत नाही. यंत्रांचीही वाटणी नीट करून द्या, मग आहे त्या यंत्रांतूनच किती काम निघते ते पाहा. पाचव्या यंत्राचा विचार त्यानंतर करता येईल.